पंधरा दिवसांचं म्हातारपण

अठ्ठ्याण्णव साली पुण्याहून निघालेल्या जीपमध्ये दोन प्राध्यापक, प्रश्नावल्यांचा गठ्ठा आणि मी होतो. वृद्धांची सेवा करणाऱ्या नर्स आणि समाजसेवकांसाठी आमच्या संस्थेला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढायचा होता. त्यात म्हाताऱ्यांच्या घरी राहून शिकायचे दिवस किती? पंधरा! बैठकीत मी सहा महिने म्हणालो, तर हे दोघे विद्वान हसले. मी विश्वस्त खरा, पण सातवी पास, बैलबाजारातून वर आलेला. माझ्याकडे ते फक्त चहा सांगताना बघतात. म्हटलं, चला, गावं दाखवतो.

पेठला मिसळ मागवली. तर्री (वरचा तिखट तवंग) बघूनच मोठ्या सरांना घाम फुटला. त्यांनी कोरडा पाव खाल्ला.

मढला डोंगर अगदी अंगावर येतात. सरांनी मान वर केली नाही. एका आजीला विचारलं, "आपल्याला एकाकीपणा जाणवतो का? कधीच नाही, क्वचित, की नेहमी?"

"तुमी येईस्तवर तर न्हाई जाणवला, राव."

सरांनी 'क्वचित'वर खूण केली.

दुपारी निमगाव सावा. खंडूतात्या जुने हेडी (बैलांचे व्यापारी). अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षं ओसरीवर पडून. "हूं न्हाई की चूं न्हाई, सायेब," सून म्हणाली. सरांनी लिहिलं: संवाद अशक्य.

माझं डोकं फिरलं. तात्यांच्या चालत्या हातावर मी उपरणं टाकलं आणि खाली माझा हात घातला. बैलबाजारात सौदा असाच होतो; तोंड बंद, बोटं बोलतात. विचारलं, "तात्या, ही शिकणारी पोरं तुमच्यासारख्यांकडं किती महिने ऱ्हावीत?" आणि पंजा दाबला, मग एक बोट. सहा.

तात्यांनी हात झिडकारला. पुन्हा धरला. पंजा, परत पंजा, वर दोन बोटं.

"बारा!" मी ओरडलो.

"अगं बया! तात्या सौदा करत्यात की!" सून हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "आन् मी दोन वर्सं कायबी इचारलंच न्हाई."

"विद्यापीठ वर्षभराला कसं मान्यता देईल?" सर पुटपुटले.

"मला काय सांगता? घाला हात उपरण्याखाली, तात्यांना सांगा."

सरांनी दोन्ही हात खिशात घातले.

परतताना नारायणगाव गेलं, मंचर गेलं. खेडच्या घाटात सर म्हणाले, "वर्ष फार होतं. सहा महिने ठेवू?"

मी तोंड वाकडं केलं आणि कुरकुरत हो म्हणालो.

आराखडा छापून आला. 'सहा महिने, तज्ज्ञांच्या शिफारशीवरून' असं त्यात लिहिलंय. पुस्तकं वाचून पंधरा दिवसांवर आलेली ही मंडळी त्या एका ओळीपुरती खरं बोलली. फक्त तज्ज्ञ कोण, ते त्यांना कळलेलं नाही.