मुरमाचा थर

धोंडीबा माळी फावडे मारण्याआधी मातीचा वास घ्यायचा. चिमूटभर माती बोटांत चोळायची, नाकाशी धरायची आणि मग सांगायचे, "ही नदीची हाय. ही चुलीची हाय." कोल्हापुरात एका बैलगाडीवर मुरूम विकत मी विटा-कौलांच्या वखारीपर्यंत पोचलो. मातीतले मला कोणी शिकवावे अशी वेळ कधी आली नव्हती. पण माझी नऊ वर्षांची लेक शकू मातीचे काही विचारायचे झाले की नगरपालिकेच्या बागेत पळायची, धोंडीबाकडे.

ब्रह्मपुरीच्या टेकडीवर संशोधकांनी जमिनीखालचे जुने गाव उकरले, तेव्हा तो तिथे कुदळीला होता. ते काम संपल्यावर बागेत माळी म्हणून लागला. बागेच्या कोपऱ्यातला एक उथळ खड्डा त्याने पोरांना दिला होता. नियम एकच. मोठ्या माणसाला तिथे बसायचे असेल, तर एखाद्या पोराने बोलवायला हवे. वकील, मास्तर अशी मंडळी मी तिथे बोलावण्याची वाट बघत उभी राहिलेली पाहिली आहेत. मीही उभा राहायचो. शकू मान वर करत नसे.

पोरे मातीची घरे बांधायची. आठवड्याने धोंडीबा ती त्यांच्याकडूनच पाडून सपाट करवायचा, वर थोडी राख, फुटक्या बांगड्या टाकायचा आणि म्हणायचा, "आता ह्येच्यावर बांधा. पोरानु, गाव कुणी गाडत न्हाय. भिंत पडती, माती उचलायचा कंटाळा येतोय. मग तीच सपाट करायची आणि वर नवी बांधायची. मधीच पूर गाळ टाकून जातोय. असं करत पणज्याचं अंगण पणतूच्या चुलीखाली जातंय बघा."

एकदा मला राहवले नाही. म्हणालो, "धोंडीबा, अशी हजार गाड्या माती मी उलथली असेल. मला एक बी गाव घावलं न्हाई."

"आण्णा, तुमी भाव बघत हुता. माती बघायची तर खाली बसाय लागतंय की!"

पोरे हसली. सगळ्यांत मोठ्याने शकू हसली.

दुसऱ्याच दिवशी मी नगरपालिकेत गेलो. खड्ड्यात म्हातारी माणसे पडतील, म्हणून आरडाओरडा केला. खड्डा बुजवायला मुरूम मी फुकट देतो, असेही सांगून टाकले. जन्मात मी टोपलीभर माती कुणाला फुकट दिली नव्हती. गाड्या आल्या, तेव्हा मी जातीने उभा होतो. धोंडीबा भांडेल म्हणून शिव्यासुद्धा तयार ठेवल्या होत्या. शकू चिखलाचे हात तसेच धरून बघत होती.

धोंडीबाने मुरमाची चिमूट उचलून वास घेतला. "शकू, ध्यानात ठेव. ह्यो लाल थर आण्णांचा. वरनं भक्कम पडलंय, आता खालचं टिकंल."

आणि पोरे त्या मुरमावर नवे गाव बांधायला बसली. शकू चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढे काही वर्षांनी धोंडीबा तापाने गेला. शकूने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मी गेल्यावर ही एवढी रडेल का, हा विचार मला तेव्हाही आलाच.

ती कॉलेजात जायला लागली, त्या वर्षी बागेच्या त्याच कोपऱ्यात नळासाठी चर खणला. कळताच ती धावली. मागून मीही गेलो. चराच्या भिंतीत वीतभर लाल पट्टा दिसत होता. त्याखाली राख, हिरव्या काचा आणि बोटभर उंचीच्या मातीच्या भिंती, जशाच्या तशा उभ्या. शकू खाली बसून पालथ्या हाताने माती झाडू लागली. मी सवयीने कडेला उभा राहिलो.

खणणाऱ्या गड्याने विचारले, "ह्यो मुरूम हितं कुठनं आला म्हणायचा?"

"आमच्या आण्णांचा हाय," ती मान वर न करता म्हणाली. मग थोडी सरकली. "उभं का? बसा की, आण्णा."

मी बसलो. इतक्या वर्षांनी बसलो. शकूने माझ्या मुरमाची चिमूट उचलली, बोटांत चोळली आणि नाकाशी धरली.