वानखडे गुरुजींचा काळा दगड

वानखडे गुरुजी वर्गात आले की आधी कोटाच्या खिशातून दगड काढत. काळाकुट्ट, मुठीएवढा. दुसऱ्या दगडावर घासून तो पुढच्या पोराच्या नाकाशी धरत. "हुंग बे. काय वास येते?" पोरगं नाक मुरडून म्हणे, "सडका, गुरुजी." गुरुजी खूष. "मंग? समुद्र हाय थो. लय जुना."

सोनाळ्याजवळच्या एका खेड्यातली शाळा. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. दगड त्यांच्या फौजेतल्या भावाने डेहराडूनकडच्या खाणीतून आणलेला. गुरुजी जुने फायनल, म्हणजे सातवीच पास, पण सांगायला लागले की ऐकत राहावं. "उन्हाळ्यात तलाव आटला का गाळ काऊन नेतो आपण वावरात? मासोळ्या, किडे, शेवाळ, सारं मरून त्यात बसते. डेहराडूनकडं असाच उथळ समुद्र व्हता. जीव मरत, तळाले जात. तळाले हवा नाही, म्हणून पुरते सडले नाहीत. चिखल काळा झाला, त्यात फॉस्फेट साचत गेलं, अन् दबून दबून त्याचा दगड झाला. पोत्यातलं सुपर खत असाच दगड दळून, तेजाब टाकून करतात."

मी अमरावतीहून इंटर सायन्स करून त्याच शाळेत मास्तर म्हणून आलेलो. शिंगं फुटली होती म्हणा ना. सातवीचं विज्ञान या फायनलवाल्याकडे कसं, हे मला सारखं खुपायचं.

एकदा शिक्षण खात्याचे डेप्युटी साहेब शाळेच्या तपासणीला आले. त्यांनी गुरुजींचं सांगणं ऐकलं, दगड हुंगला आणि शेजारी उभ्या असलेल्या मला विचारलं, "काय हो, खरं का हे?" मला ठाऊक नव्हतं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना. "छे साहेब, फॉस्फेट ज्वालामुखीच्या खडकात असतं. हा दगड गुरुजींच्या घरी रॉकेलच्या डब्याशेजारी पडलेला असतो, त्याचा वास असेल." साहेब हसले. मी हसलो. मग अख्खा वर्ग हसला. गुरुजींनी दगड धोतराला पुसून खिशात टाकला. पुढच्याच आठवड्यात सातवी माझ्याकडे आली आणि गुरुजी पहिलीला गेले, पाढे म्हणवून घ्यायला.

दोन वर्षांनी अकोल्याला शिक्षकांचं शिबिर होतं. तिथे कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी तसाच दगड घासून आमच्या नाकाशी धरला. तोच वास. आणि मग तोच उथळ समुद्र, तोच काळा चिखल. गुरुजींचं अक्षर न् अक्षर खरं होतं. परत येऊन हेडमास्तरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सातवी जाईल, गावात हसं होईल, ही भीती. नालायकपणा, दुसरं काय.

गुरुजी रिटायर होऊन अंथरुणाला खिळले, तेव्हा कुठे गेलो. बाजेशी बसून सगळं कबूल केलं.

"मले ठाऊकच व्हतं, मास्तर. तुमी मले काऊन सांगून राह्यले? त्या पोराइले सांगा."

महिन्याभरात ते गेले.

पोरं तोवर चारी दिशांना पांगलेली. बऱ्याच वर्षांनी त्यांतला एक शेगावला भेटला, पेढ्याच्या दुकानात बसलेला. त्याला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही. त्यानं तागडी खाली ठेवली, विचार केला.

"दगडाचं काई ध्यानात नाही, सर," तो म्हणाला. "तुमी हासले व्हते, थे हाय."