कालव्याच्या रस्त्यासाठी दिवा

डोळे तपासण्याच्या त्या दवाखान्यातली आतली खोली मुद्दाम अंधारी ठेवलेली असते. एक उंच खुर्ची, समोर अक्षरांचा उजळ तक्ता आणि एका पेटीत खाचांमध्ये उभी लावलेली दोनशे-अडीचशे भिंगे. खुर्चीतल्या माणसाच्या नाकावर रिकामी गोल चौकट चढवायची, तिच्यात एकामागून एक भिंगे सरकवायची आणि विचारत राहायचे, हे स्पष्ट की ते. हे काम ती एकोणीस वर्षे करते आहे. गल्लीत तिला सगळे नंबरताई म्हणतात. आपल्या चष्म्याचा नंबर वाढला असेल का, हे लोक तिला भाजीच्या दुकानातही विचारतात आणि तीही हातातली पिशवी खाली ठेवून त्यांची पापणी वर करून बघते.

दिवस लहान होऊ लागले होते. एका सोमवारी डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितले की पुढच्या सोमवारपासून दवाखाना दुपारी दोन ते रात्री नऊ चालेल. सकाळी कामावरची माणसे येत नाहीत, संध्याकाळी येतात. तिला जमणार असेल तर शनिवारपर्यंत सांगावे, नसेल तर ते दुसरी बाई पाहतील. दोघींना ठेवणे परवडणार नाही, हेही त्यांनी सांगितले. डॉक्टर गोड बोलणाऱ्यांतले नाहीत, त्यामुळे त्यांचे बोलणे दोनदा तपासावे लागत नाही.

घर दवाखान्यापासून सहा किलोमीटरवर. शेवटची बस पावणेआठला सुटते. ती सायकलने येते-जाते. निम्म्या वाटेवर, रंगाच्या कारखान्यापर्यंत, रस्त्याला खांब आहेत. तिथून पुढे कालव्याच्या बांधावरून दोन किलोमीटर एकही दिवा नाही आणि या दोन किलोमीटरच्या मधोमध एक मोरी, म्हणजे पाणी जाण्यासाठी बांधलेला बुटका पूल, आहे. तिथे रस्ता एकदम अरुंद होतो, वळतो आणि बाजूला कठडा नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका ढगाळ संध्याकाळी ती या मोरीवर पडली होती. गुडघ्याला चार टाके आणि पुढचे चाक आउट. सायकलला तेव्हा डायनॅमोचा दिवा होता. डायनॅमो चाकावर चालतो. चाक जोरात फिरले तर उजेड, ब्रेक लावला की मिणमिण. म्हणजे वळणावर, जिथे उजेडाची गरज असते, नेमका तिथेच तो मान टाकतो.

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करतो. मोडके यंत्र दिसले की त्याला आधी ते का मोडले हे हवे असते. डॉक्टरांचा निरोप ऐकून त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "त्या मोरीवरून रात्री जायचं असेल तर चांगला एलईडी दिवा आण. मला दाखव. नाही तर डॉक्टरांना नाही म्हणून सांग."

"आणि महिनाभर बसचा पास काढून पावणेआठला निघू का? पेशंटला अर्ध्या नंबरवर सोडून?"

"ते मला माहीत नाही. दिवा दाखव."

दिव्याला बसच्या महिन्याच्या पासाइतकेच पैसे घालायचे, त्यावर एक छदामही नाही, हे तिने मनाशी ठरवले. एवढे एकच त्या आठवड्यात नीट ठरले.

सायकलच्या दुकानदाराने काचेच्या कपाटातून तीन खोकी काढून तिच्यापुढे मांडली. पहिला दिवा मुठीएवढा, खोक्यावर ठळक अक्षरांत एक हजार ल्युमेन. दुसऱ्यावर तीनशे ल्युमेन आणि उजेडाच्या पाच तऱ्हा, त्यांतल्या तीन लुकलुकण्याच्या. तिसरा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्याच्या खोक्यावर ल्युमेन नव्हतेच, चाळीस लक्स असे होते आणि रस्त्यावर पडलेल्या उजेडाचे एक चित्र होते, ज्यात उजेड वरच्या बाजूने सुरीने कापल्यासारखा सपाट होता. तिन्ही तिच्या हिशेबात बसत होते, हीच अडचण होती. एखादा महाग असता तर तेवढाच बाद झाला असता.

तिने विचारले की तीनशे ल्युमेन जास्त की चाळीस लक्स. दुकानदार म्हणाला, ताई, हे म्हणजे किलो मोठा की फूट मोठा असं झालं. एक आकडा दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्याचा, दुसरा समोरच्या जागेवर किती पडतो त्याचा.

"मग लोक घेतात कशावरून?"

"ज्यावर मोठा आकडा, तो घेतात."

"आणि तुम्ही कोणता लावता?"

"मी दुकानाच्या वरच राहतो," दुकानदार म्हणाला.

तिन्ही दिवे त्याने शुक्रवारपर्यंत घरी नेऊ दिले. खोकी फाडायची नाहीत, ओरखडा पाडायचा नाही. त्याच्या आईचा नंबर तिने काढला होता आणि म्हातारी त्यानंतर जिन्यावर अडखळली नव्हती. तेवढी पत होती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने आतल्या खोलीचे दार लावले आणि तिन्ही दिवे भिंतीवर मारून पाहिले. हजारवाल्याने तक्ता पुसून टाकला. वरचे सगळ्यांत मोठे अक्षरसुद्धा दिसेना, इतका पांढरा उजेड. त्याच्यापुढे काडेपेटीवाला म्हणजे भिंतीवर एक फिकट पट्टा. निकाल लागला असे तिला वाटले. तेवढ्यात बाहेर चष्म्याच्या फ्रेमी विकणारा आत डोकावला आणि म्हणाला, लुकलुकणारा घ्या, गाडीवाल्यांना लांबून कळतं. मागून डॉक्टर आले. त्यांचे म्हणणे असे की पांढरा उजेड धुक्यात परत फिरतो, थोडा पिवळा असलेला बरा. तिन्ही दिव्यांतला एकही पिवळा नव्हता. डॉक्टर हात धुवायला निघून गेले.

त्या संध्याकाळी ती मुद्दाम अंधार पडेपर्यंत दवाखान्यात थांबली आणि हजारवाला हँडलला अडकवून निघाली. खांब संपेपर्यंत फरक कळला नाही. कालव्यावर आली आणि समोरचा सगळा काळोख उठून पांढरा झाला. बांधावरचे गवत, पलीकडची झाडे, झाडांच्या फांद्या आणि तिच्या नाकासमोर नाचणारे हजारो किडे, सगळे सारखेच लख्ख. रस्ता मात्र त्यात कुठे आहे, ते शोधावे लागत होते. सगळेच दिसते तेव्हा नक्की काय बघायचे, हे तिला समजेना.

समोरून एक सायकल येता येता थांबली आणि माणूस उतरून उभा राहिला. कालव्याची दारे उघडण्या-मिटण्याचे काम करणारा पाटकरी होता. डोळ्यांवर हात धरून त्याने विचारले की हे काय लावलंय. तिने दिवा खाली वाकवला तेव्हा त्याने तिला ओळखले.

"ताई, तुम्हीच आमचे डोळे तपासायचे आणि तुम्हीच फोडायचे?"

तिने माफी मागितली आणि त्याला विचारले की तो कोणता दिवा वापरतो. पाटकऱ्याकडे दिवा नव्हता. तो म्हणाला, झाडांच्या मधून आभाळाची पट्टी दिसते, तीच रस्त्यासारखी वळते, तिच्याकडे बघत जायचं. बावीस वर्षे तो तसाच जातो. नंतर त्याने हेही सांगितले की या बावीस वर्षांत तो दोनदा कालव्यात पडला, पण दोन्ही वेळा पाणी कमी होते.

घरी नवऱ्याला हजारवाला पसंत पडला. मोठी मोटर कधी कमी पडत नाही, असे त्याचे म्हणणे. नणंद त्यांच्याच घरात राहते, धुलाईच्या दुकानात इस्त्रीवर काम करते आणि भावाचे कुठलेही म्हणणे लगेच मान्य करत नाही. तिने तिन्ही दिवे चार्ज करून घेतले, स्वयंपाकघराच्या फळीवर एका वेळी पेटवले आणि घड्याळ समोर ठेवून बसली. मोठ्याच्या खोक्यावर चार तास लिहिलेले होते. पन्नासाव्या मिनिटाला तो लाल झाला आणि विझला. मधला अडीच तास चालला. छोटा जळतच राहिला, शेवटी नणंदेलाच झोप आली.

"दादा, तुझी मोठी मोटर झोपली," ती म्हणाली.

"मोरी दवाखान्यापासून वीस मिनिटांवर आहे. पन्नास मिनिटं पुरतात," नवरा म्हणाला.

"आणि पंक्चर झाली तर? ढकलत यायला?"

नवऱ्याने वर्तमानपत्र उघडले.

गुरुवारी रात्री नंबरताई आणि नणंद दोघी मोरीवर गेल्या. तिने पद्धत दवाखान्यातलीच ठरवली. मोरीच्या तोंडाशी रस्त्यावर नणंदेची एक काळी चप्पल ठेवायची. नणंदेने सायकल तीस पावलांवर उभी करून एक दिवा लावायचा. आपण सायकलमागे पाठ करून उभे राहायचे, नणंदेने हो म्हटले की वळायचे, सायकलबरोबर पुढे चालत यायचे आणि चप्पल दिसली की थांब म्हणायचे; जितकी कमी पावले चालावी लागतील, तितका दिवा चांगला. कोणता दिवा लावला आहे ते सांगायचे नाही. दिव्यावर रुमाल टाकून फक्त काच उघडी ठेवायची. आणि मधेच केव्हा तरी आधीचाच दिवा नवा म्हणून पुन्हा दाखवायचा. खुर्चीतली पुष्कळ माणसे तपासणाऱ्याला बरे वाटावे म्हणून प्रत्येक नव्या भिंगाला चांगले म्हणतात. तेच भिंग पुन्हा घातले की ती पकडली जातात.

पहिल्या दिव्याला तिने बाविसाव्या पावलावर थांब म्हटले. उजेड फार पसरतो, त्यावरून तो मोठा हे तिने ओळखले. दुसऱ्याला अठरावे पाऊल. तिसऱ्याला सतरावे. चौथ्याला अकरावे, आणि ती म्हणाली की हा सगळ्यांत उत्तम, चपलेचा पट्टासुद्धा दिसतो.

नणंदेने रुमाल काढला. "वहिनी, हा आणि मघाचा तिसरा, दोन्ही एकच. छोटा."

"शक्य नाही. मघाशी रस्ता पिवळा दिसत होता."

"तुझा डॉक्टर शिरलाय तुझ्या डोळ्यांत."

तिने पुन्हा करायला लावले. या वेळी मधला सोळाव्यावर आला आणि छोटा वीसवर. तिसऱ्यांदा चप्पल कुठे ठेवली आहे तेच तिला पाठ झाले होते, त्यामुळे ती दिवा न लावताही सापडली असती. दोघी बांधावर बसल्या. एकोणीस वर्षांत लोकांना मी किती वेळा वैतागून म्हटलंय, की नीट बघून सांगा, हे ती नणंदेला सांगत होती. नणंद डास मारत होती.

मग तिने कामातली एक गोष्ट सांगितली. माणूस एकाच भिंगाला दोन वेगळी उत्तरे द्यायला लागला की ती पुढे विचारत नाही. फरक भिंगात उरलेला नसतो. अशा वेळी दोनांतला कमी नंबर द्यायचा, डोळ्याला त्रास कमी होतो.

"मग छोटा घे ना. संपलं," नणंद म्हणाली.

"दवाखान्यात नंबर चुकला तर माणूस आठ दिवसांनी परत येतो आणि आपण काच बदलून देतो," ती म्हणाली. "इथे?"

नणंदेने मोरीकडे पाहिले आणि चप्पल पायात घातली.

शुक्रवारी संध्याकाळी तिने मोठा आणि मधला दुकानदाराला परत केले. छोटा का ठेवला, असे त्याने विचारले. तिने सांगितले की भिंतीवर मोठा चांगला, घड्याळावर छोटा, चपलेवर कोणीच नाही, आणि याला समोरून येणारा शिव्या देणार नाही. शेवटचे कारण आपण आत्ताच शोधले, हे बोलताना तिच्या लक्षात आले. दुकानदाराने पैसे घेतले आणि म्हणाला की इतका विचार करून दिवा घेणारे गिऱ्हाईक त्याने पाहिले नाही. हे कौतुक होते की नाही, ते तिला कळले नाही.

शनिवारी तिने डॉक्टरांना हो सांगितले. घरी येऊन टेबलावर दिवा ठेवला आणि नवऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या. त्याने दिवा उचलला, उलटा केला, कानाशी हलवून पाहिला.

"एवढासा?"

"एवढासाच."

"आणि हो सांगून पण आलीस."

"आज शनिवार आहे."

तो दिवा घेऊन सायकलपाशी गेला. त्याने हँडलवरची पट्टी दोनदा सोडून पुन्हा घट्ट केली आणि दिवा किती खाली वाकवायचा त्यासाठी लोखंडी दांड्यावर खडूने खूण केली.

सोमवारी शेवटचा पेशंट नऊ वाजून पाच मिनिटांनी उठला. रंगाच्या कारखान्यापुढे खांब संपले तेव्हा पुढच्या चाकासमोर उजेडाचा एक सपाट पट्टा होता, सुमारे दहा पावलांचा, त्यात खडी, एक काडी, सायकलीची जुनी चाकोरी. त्याच्या वर काहीच नव्हते. झाडे नव्हती, आभाळ नव्हते. हे बरे की वाईट, याचा विचार करत ती एक किलोमीटर गेली. हवेत धुके नव्हते, किडे कमी होते आणि रस्ता तिला तसाही तोंडपाठ होता. म्हणजे दिवा चांगला आहे हे यातून सिद्ध होत नव्हते. मोरीची कड पट्ट्यात आली. ती स्पष्ट दिसली. तिने ब्रेक लावला, उजेड कमी झाला नाही. ती उतरली, सायकल ढकलत मोरी ओलांडली आणि पलीकडे पुन्हा चढली.

नवरा दाराच्या पायरीवर बसलेला होता. हातात कुणाच्या तरी मशीनचा पाय होता, पण अंधारात तो दुरुस्त होण्यासारखा नव्हता.

"मोरी दिसली?"

"दिसली."

"मग?"

"उतरून आले."

"दिसली तर उतरलीस कशाला? आणि उतरायचंच होतं तर दिवा घेतला कशाला?"

तिने सायकल भिंतीला लावली. याचे उत्तर तिला वाटेत सुचायला हवे होते. "कुठे उतरायचं ते कळायला नको?" ती म्हणाली, पण तिला स्वतःलाच ते पुरेसे वाटले नाही.

नवरा पायरीवरून उठला. त्याने हात पुढे करून दिवा विझवला.

"उद्या पण नऊच?"

"नऊच," ती म्हणाली आणि दिवा काढून आत चार्जिंगला लावायला गेली.