तायडेकाकांनी ओतलेलं तेल

गाडीचं तेल कधी बदलायचं, हे मला दिवसातून दहा जण विचारतात आणि उत्तर ऐकून दहाही जण मी चोर असल्यासारखं बघतात. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. यात न कळण्यासारखं काय आहे? पण लोकांना किलोमीटर कळतात, वर्ष कळत नाही. गाडी उभी असली की आतलं तेलही झोपलेलं असतं, असं त्यांना वाटतं. अमरावतीत बडनेरा रोडवर माझं गॅरेज आहे आणि या एका गोष्टीवरून मी पुष्कळांवर खेकसलो आहे. जयवंताकाकूंवर मात्र आवाज चढवायला जीभ रेटली नाही.

जयवंता तायडे म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. तीस वर्षं लेकरांना लस टोचली. एका दिवसानं तारीख उलटलेली बाटलीसुद्धा फेकून देणार. सगळ्या वस्तीला त्यांचा धाक. त्यांचे यजमान खुशालराव, आमचे तायडेकाका, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. दर दसऱ्याला दोघं आपल्या पांढऱ्या गाडीनं नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि त्याच्या आदल्या आठवड्यात काका तेल बदलायला माझ्याकडे यायचे. जुनं तेल मी काढायचं, नवीन मात्र ते स्वतः ओतणार. "तुया हात हालते, नितेश," म्हणायचे. चार वर्षांपूर्वी दसरा झाला आणि महिन्याभरात काका गेले.

तेव्हापासून काकू दर रविवारी विहारातून आल्या की अंगणातली गाडी सुरू करतात. चालवता येत नाही. वाकून किल्ली फिरवायची आणि आपल्या नेहमीच्या डाव्या सीटवर पाच मिनिटं बसून राहायचं. काचा बंद, इंजिन घुमतंय, समोर सीताफळाच्या झाडावर ऊन हलतंय. मी रस्त्यावरून कितीदा हाक मारली, त्यांना ऐकूच जायची नाही. त्या कुठंतरी दूर गेलेल्या असायच्या, नागपूरच्या वाटेवरची तिवसा, तळेगाव, कोंढाळी मागे टाकून.

या डिसेंबरात इंजिन टकटक वाजायला लागलं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. तेलाचं झाकण उघडलं तर आतून पिवळट साय धरलेली. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. आतली वाफ पाणी होऊन तेलात मिसळते आणि तेल नासतं.

"काकू, हे तेल आजच काढा लागते. नाई तं इंजिन बसन."

"गाडी चालली कुठं रे? चार वर्सात दोन किलोमीटरबी नाई. कावून बदलू?"

"तारीख गेलेली बाटली तुमी कदी वापरली काय?"

मला वाटलं, जिंकलो. मग बॉनेटवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "त्यायनं ओतलं हाये ते."

माझा सगळा शहाणपणा तिथंच गळाला. काकांचे कपडे लेकीनं केव्हाच वाटून टाकले होते. त्यांच्या हातचं म्हणून आता एवढंच उरलं होतं, साडेतीन लिटर. ठेवावं तर त्यांची गाडी जाणार, काढावं तर हे जाणार. मला खरंच रडू आलं. गिऱ्हाइकासमोर मेकॅनिकनं रडू नये, म्हणून मी तेल बघायची पट्टी उगाच पुसत राहिलो.

थोड्या वेळानं म्हटलं, "थंड तेल पुरतं निघत नाई, काकू. आदी गाडी फिरवून गरम करा लागते. बसा."

अकोल्याच्या रस्त्याला लागलो. बडनेरा मागे पडलं, तशी टकटक हळूहळू विरली. दोन्ही अंगांना तूर पिवळी फुललेली, मधूनच फुटलेल्या कापसाचा पांढरा पट्टा. हवेत अजून गारवा होता आणि रस्ता उन्हात पाण्यासारखा चमकत होता. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"पुढं गाव हाये, हळू घ्या," त्या म्हणाल्या.

मला त्या कधी 'घ्या' म्हणत नाहीत. मी वेग कमी केला.

"पाणी देऊ काय?"

नाही म्हटलं असतं तर माझा आवाज ऐकू आला असता. मी बोललोच नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, नुसत्या हसल्या. तेल गरम व्हायला दहा किलोमीटर पुष्कळ होतात. मी चाळीसेक किलोमीटरवरचं मूर्तिजापूर येईपर्यंत गाडी वळवलीच नाही. जुन्या तेलावर एवढी गाडी रेटणाऱ्या दुसऱ्या कुणालाही मी शिव्या घातल्या असत्या.

गॅरेजमध्ये परत आल्यावर गाडीखाली शिरून नट खोलला. काळंभोर तेल धार धरून खालच्या घमेल्यात पडायला लागलं. काकू पदर खोचून माझ्याशेजारी खाली बसल्या आणि त्यांनी धारेला बोट लावलं.

"काकू, चटका बसन!"

बसलाच. पण हात त्यांनी लगेच मागे घेतला नाही. "मले वाटलं होतं, थंड पडलं असन," त्या म्हणाल्या. "हे तं गरम हाये रे बाप्पा."

काकांना नेलं त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या. आता रडल्या.

धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग तेही थांबलं. मी नट लावायला गेलो, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"थांब. अजून एक येऊन राहिला."

आम्ही दोघं त्या थेंबाकडे बघत बसलो. तो बराच वेळ लोंबकळत राहिला आणि मग पडला. काकूंनी पदराला बोट पुसलं आणि नट माझ्या हातात दिला.