तिसऱ्या शब्दाचा नमुना
टर्पेंटाइनचा वास आला की मला आर्वीचा बाजार आठवतो. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि मी दुकानोदुकानी फिरून पाट्या रंगवायचो. एका कापडवाल्या सेठने बोलावून सांगितलं, "आधी एक शब्द नमुना म्हणून लिहून दाखव, आवडला तर काम तुलेच." दारावरच्या लांब पिवळ्या पाटीवर 'नवीन कापड' एवढं आधीच लिहिलेलं होतं, पण दोन्ही शब्दांचं वळण वेगळं. म्हणजे माझ्याआधी दोन पेंटर असेच नमुना देऊन रिकाम्या हाताने गेले होते, आणि आता 'दुकान' तेवढं माझ्याकडून हवं होतं. माझे कान तापले. मी शिडीवर चढलो आणि लालभडक रंगात, माझ्या सर्वांत देखण्या अक्षरांत लिहिलं, 'फुकट'. बाजाराचा दिवस, बघता बघता बाया-माणसं दुकानात शिरली. सेठ धावत बाहेर आला. "हे काय लिहून ठेवलं बे?" "नमुना आहे, सेठ. तुमाले फुकटच पायजे होता नं?" "पुस आधी!" "पुसाची मजुरी पडंन," म्हणत मी शिडी खांद्यावर टाकली. त्या गल्लीत मला वर्षभर काम मिळालं नाही. आता हात थरथरतो, पण तो शब्द मी आजही एका दमात लिहीन.