तोंड काळं करायचं नाही

आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाचे दिग्दर्शक रुसैलच्या कारखान्यात भिंतींच्या रंगाच्या छटा जुळवतात. माझी नवी साडी पाहूनही म्हणतात, "वहिनी, यात पिवळा जास्त पडलाय." पण माणूस कामाला पक्का. मंडळाला दरवर्षी घरजावयाचा फार्स हवा असतो. दिग्दर्शक मात्र कोकणातल्या सिद्दींचीच नाटकं बसवतात. "आफ्रिकेतून आलेली ही माणसं आपलीच, आणि आपल्या नाटकात कुठेच नाहीत," हे ते चहा गाळतानाही ऐकवतात.

यंदा नायक होता गलबत हाकणारा सिद्दी तांडेल. आमचे सेक्रेटरी ती भूमिका आपलीच धरून चालले होते. तालमीला ते काळ्या रंगाची डबी घेऊन आले आणि मेकअप माझ्याकडे म्हणून ती माझ्या हातात दिली. दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, "साहेब, तोंड काळं करायचं असेल तर नाटकाबाहेर करा."

भूमिका मिळाली दिग्दर्शकांच्या कारखान्यातल्या जुमाला. जुमा ओमानी, त्याची आजी आफ्रिकेतल्या झांजीबारची. मराठी संवाद त्याने अरबी अक्षरांत लिहून पाठ केले. सेक्रेटरींनी बजावलं, "एक वाक्य जरी अडलं, तर सिद्दींची नाटकं बंद."

प्रयोगात, ऐन वादळाच्या प्रवेशात, जुमा अडलाच. मग तो गरजला, "यल्ला, शीड उतरवा!"

टाळ्या पडल्या. चूक कुणालाच कळली नाही. मस्कतला आमच्या घरीही सगळे 'चला'ला 'यल्ला'च म्हणतात. विंगेत सेक्रेटरी माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, हा शुद्ध बोलतो हो."

शेजारी दिग्दर्शकांनी पेन काढून ते 'यल्ला' संहितेत लिहून टाकलं.