तोडायला एक सकाळ, दाव्याला दोन महिने

साहेब बोलले, "बोंबील करून दाखव."

मी दाखवला. मान मागं टाकली, जबडा फाकवला, हात अंगाला चिकटवले आणि खुर्चीच्या पाठीवर लोंबकळलो. कोळगावच्या सरकारी हापिसात, भर दुपारी. शिपाई हसला, कॉम्प्युटरवाली बाई हसली. मला वाटलं, काम झालं.

काम येवढंच होतं. तारापूरच्या बाजूला आमचं गाव, किनाऱ्यावर आमचं खळं. खळं म्हंजे मासळी सुकवायची जागा. बांबूची मांडणी, तिला दोऱ्या. बापाच्याही आधीपासनं. सरकारची माणसं येऊन तिथं चुन्याची रेघ मारून गेली. कुंपण होणार बोलले. कागद नाय, काय नाय. मी साहेबांना इनवायला गेलो, बायकोला घेऊन. खळं तिचंच. मी नुसता दर्यात जाणार. सुकवणं, विकणं, घर चालवणं, सगळं तिचं.

मी शाळा बघितली ती बाहेरनं. अडलं की समोरच्याला हसवायचं, येवढीच माझी विद्या. हवालदार हसला की सोडतो. लग्नात हसवलं की दोनदा वाढतात.

साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे बोंबील टांगतात कसा?"

मी सांगितलं, जोडीनं. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि दोरीवर टाकायचा, एक इकडं, एक तिकडं. एकटा राहत नाय, खाली पडतो.

"मग तू एकटाच कसा? मावशींना पण घे."

बायको दारापाशी उभी होती. हातात साहेबांसाठी आणलेली सुक्या बोंबलाची पिशवी. ती हलली नाय.

"ये गो, येवढं काय त्यात. उघड तोंड."

हे साहेब नाय बोलले. मी बोललो.

ती आली. माझ्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं. तिचे पुढचे दोन दात नायत, ते सगळ्या हापिसानं बघितलं. कोणीतरी मोबाईल काढला. साहेब डोळे पुसत बोलले, "बघू तुमच्या खळ्याचं." पिशवी ठेवून घेतली.

येताना रिक्षात मी शीळ घालत होतो. ती बाहेर बघत होती.

मग जेसीबी आला. सकाळी सकाळी. माल दोऱ्यांवर होता, अजून ओला. ड्रायव्हर बोलला, "चाचा, हमको जो बोला वो करते हैं." बांबू कडाकडा मोडले. बायको चाकासमोरनं, चिखलातनं बोंबील वेचत होती. आणि मला काय वाटावं, ड्रायव्हरला हसवावं. खरंच. दोन शब्द सुचले पण होते.

पालघरला एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी नियम सांगितला. सरकारवर दावा लावायचा तर आधी नोटीस द्यायची, दोन महिने थांबायचं, मग कोर्टात यायचं. घाई असेल तर कोर्टाची परवानगी काढून लगेच येता येतं. बाईंनी परवानगी मागितली. सरकारी वकील उठले.

"आता कसली घाई? तोडायचं ते तोडून झालंय."

जजसाहेबांनी मान हलवली. दावा परत. नोटीस द्या, मग या.

म्हंजे घाई होती तेव्हा मी साहेबांपुढं लोंबकळत होतो. कोर्टात आलो तर घाई संपली.

पायरीवर मी वकीलबाईंना बोललो, "आमाला पण दोन महिने आधी कळवलं असतं, तर बोंबलांना सांगितलं असतं, बाबांनो, लवकर सुका." त्या हसल्या नायत. बायको तोंड फिरवून उभी होती. हापिसात नेल्यापासनं ती माझ्याशी धड बोलली नव्हती. आता बोलली.

"तू माझं तोंड उघडायला लावलंस तेव्हाच खळं मोडलं. जेसीबी मागनं आला."

दोन महिने सरेपर्यंत कुंपण उभं राहिलं. दोऱ्या होत्या तिथं सिमेंट. दावा लागला, चाललाय. ती बोईसरला कंपनीत झाडू मारते. अंगाला मासळीचा वास येतो बोलतात, म्हणून डबा गेटबाहेर खाते. आता कुठं मासळी?

मग पालघरात वकिलांची सभा झाली. हा नोटीसचा नियम बदलायचा का, यावर. वकीलबाईंनी मला बोलायला नेलं. बायको खाडा करून आली. स्टेजवर सरकारच्या बाजूनं तेच साहेब. मला बघितलं आणि माईकवर बोलले, "अरे, हा तर आमचा बोंबील. आधी करून दाखव, मग बोल."

टाळ्या पडल्या. माझी मान मागं जायला लागली. सवय. जबडा सुटायला लागला. बायको दुसऱ्या रांगेत बसली होती. ओठ घट्ट मिटून.

मी मान सरळ केली.

"बोंबील एकटा लटकत नाय साहेब. तुमी या. तोंड उघडा."

आयुष्यात पहिल्यांदा मी हसवायला नाय बोललो. कोणी हसलं पण नाय. मग मागणी सांगितली. ज्यानं आमाला न कळवता तोडलं, त्याला आमच्या नोटीसचे दोन महिने मिळायला नकोत. त्याच दिवशी आमाला कोर्टात उभं राहू द्या. तोडल्यावर पण.

साहेब बोलले, "लेखी द्या. विचार करू."

लेखी दिलं. एक आंगठा माझा, एक तिचा. विचार अजून झालेला नाय. तारखेला मी जातो. कोर्टाच्या दारात सरकारी वकील विचारतात, "काय बोंबील, कसं काय?" मी त्यांच्याकडं बघत राहतो, त्यांचं हसू विझेपर्यंत.

बायको अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. बोलू नये तिनं. मी माफी मागितलेली नाय, मागणार पण नाय. मागितली तर माफ करून टाकंल ती, ते मला नको. कुंपण पडंपर्यंत मी त्या दारात उभा राहणार. पडंल त्या दिवशी पण हसणार नाय.